फिटरमामा

पुण्यात गाडीचं बॉनेट उघडं टाकून कोणी पाच मिनिटं एकटं उभं राहून दाखवावं. आमच्या धनकवडीत तर ते निव्वळ अशक्य. दूधवाला सायकल स्टँडला लावतो, दुसऱ्या मजल्यावरचे काका पायजम्यावरच खाली येतात, वॉचमन खुर्ची सोडतो, आणि इंजिनाकडे बघत प्रत्येकजण आपापला ठरलेला आरोपी सांगून मोकळा होतो. काकांच्या मते जगातल्या सगळ्या गाड्यांना एकच रोग होतो, प्लग. वॉचमनच्या मते पेट्रोलमध्ये पाणी. तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले हल्ली इथेनॉलवर आलेत. त्याआधी ते रस्त्यांवर होते. ‘विकून टाका हो’ असं सांगणाराही एक असतोच. त्याच्याकडे गाडी नसते.

या घोळक्यात फिटरमामा कधी नसतात. ते पार्किंगच्या कट्ट्यावर पाठ भिंतीला टेकून डोळे अर्धवट मिटून बसलेले असतात. सगळ्यांचं बोलून होतं, बॉनेट आदळतं, मालक हताशपणे किल्ली खिशात टाकतो, आणि मग कट्ट्यावरून एक शब्द येतो.

“कधी?”

एवढंच. “कधी काय, मामा?” असं विचारणारा माणूस संपला. त्याची पुढची संध्याकाळ मामांची झाली.

मामा एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण नखांच्या कडेची काळी रेघ अजून गेलेली नाही. मामी म्हणतात, ती आता सातबाऱ्यावर चढली आहे. अंगात पांढरा शर्ट, त्याच्या खिशात टेस्टर, खडू आणि आडवी छोटी वही. हातात हातभर लांबीचा एक पेचकस. त्यानं ते स्क्रू क्वचितच पिळतात. पात्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतल्या बेअरिंगची, टॅपेटची, पंपाची कुजबुज त्या लोखंडातून वर येते. अशा वेळी समोर कोणी शिंकलेलंसुद्धा त्यांना खपत नाही.

एसटीचा अभिमान म्हणाल तर असा, की १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली तेव्हा मामा जन्मलेसुद्धा नव्हते, तरी ती गाडी वाटेत कुठे थांबली असती तर आधी काय तपासायला हवं होतं, हे ते तपशीलवार सांगतात. ती नगरला पोचली याचं त्यांना कौतुक आहे. पण गोष्टीत रस नाही. नीट चालणाऱ्या गाडीत मामांना कधीच रस नसतो.

आणि, हे सांगायला हवं, दुरुस्त झालेल्या गाडीतही नसतो. लोकांना बिघाड जायला हवा असतो. मामांना तो सापडायला हवा असतो. या दोन अगदी वेगळ्या भुका आहेत, आणि दोन्ही एकाच गाडीत बसून कात्रजच्या घाटात निघाल्या की काय होतं, ते मी पाहिलं आहे.

आमची गाडी छोटी, तीन सिलिंडरची, पेट्रोलवरची. शहरात तिची काही तक्रार नव्हती. सपाट हायवेवर ऐंशीनं जायची. पण साताऱ्याला एका लग्नाला निघालो आणि खंबाटकीच्या चढावर तिनं अंग टाकलं. दुसरा गिअर, पाय तळाला, आणि गाडी हळूहळू मलूल होत चाललेली. मागच्या ट्रकचा क्लीनर दारातून अर्धा बाहेर येऊन आमच्या घराण्याबद्दल काही बोलला. पाय जरा उचलला की ती सुधारायची, पुन्हा दाबला की पुन्हा तेच.

परत आल्यावर एका गॅरेजवाल्यानं प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली आणि बिल दिलं. बिल घेऊन मी कट्ट्यावरून जात होतो.

“कधी?”

मी सांगितलं, घाटात. पिकअपच घेत नाही हो.

“पिकअप घेत नाही म्हणजे करते काय? धक्के देते, की एकसारखी धापते? इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवर असं होतं का? थंड असताना की तापल्यावर? टाकी भरलेली होती की पाव? माणसं किती? एसी? पाय सोडल्यावर लगेच सुधारते की दम खाते?”

मी जमेल तशी उत्तरं दिली. मामांनी ती वहीत लिहून घेतली. धक्के असते तर करंट, म्हणजे प्लग-कॉइलचं खातं. निवांत चालताना सिलिंडरमध्ये दाब कमी असतो, तिथे कमजोर कॉइलही निभावून नेते. पाय दाबला की दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून रोगट कॉइल नेमकी चढावर दगा देते. इंजिन ओरडून गाडी जागेवर असती तर क्लच घसरतोय, इंजिन बिचारं निर्दोष. आमच्यासारखी एकसारखी मलूल होत असेल तर एकतर पेट्रोल पोचत नाही, हवा पोचत नाही, नाहीतर धुराला बाहेर पडायला वाट नाही.

मग त्यांनी बिल मागून घेतलं आणि ते वाचताना त्यांचा चेहरा पडला.

“तीन गोष्टी एकदम बदलल्या?”

“हो.”

“म्हणजे बरी झाली असती तर कशानं बरी झाली ते कळलं असतं का?”

“मामा, बरी झाली असती ना!”

“पण कळलं असतं का?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. असतं तरी मामांनी ते ऐकलं नसतं. सुदैवानं गाडी बरी झालेली नाही, असं म्हणून त्यांनी वही मिटली. ‘सुदैवानं’ हा त्यांचाच शब्द.

मामांच्या घरी गेलं की हा स्वभाव अधिक उलगडतो. जेवणाच्या टेबलावर मिक्सर उघडा पडलेला असतो. तो गौरीच्या आधी उघडला होता. बिघाड पहिल्याच संध्याकाळी सापडला, मोटारीचे कार्बन झिजले होते. पण दोन कार्बनपैकी एकच जास्त का झिजला, हा प्रश्न मामांना पडला, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत नवे टाकायचे नाहीत असं ठरलं. मामी पाट्यावर चटणी वाटतात. “कारण कळलं की यांचं पोट भरतं,” त्या मला म्हणाल्या, “माझ्या इडलीचं पीठ कारणावर नाही निघत.” टेबलाखाली बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आहे. त्यात चिरफळलेली डिस्ट्रिब्युटर कॅप, इलेक्ट्रोड खाल्लेले प्लग, करवतीनं उभे कापलेले फिल्टर, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि गाडीचा नंबर. दूरचे पाहुणे आले की लोक लग्नाचा अल्बम काढतात. मामा तो डबा काढतात.

मामांकडे प्रत्येक रोगाची जन्मतारीख आहे आणि काहींची मृत्युतारीखही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा कार्बोरेटरचं राज्य होतं. पिकअप गेला की जेट काढायचं, तोंडानं फुंकायचं, पुन्हा बसवायचं. तो प्रत्येकाला येणारा उपाय होता, त्यामुळे देशातला प्रत्येक जावई मेकॅनिक होता. मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या, कार्बोरेटर गेला, पण जावयांचा आत्मविश्वास तसाच राहिला. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि त्याच्याबरोबर नवा रोग आला: आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळली किंवा चोंदली, की धूर बाहेर पडत नाही, आणि धूर अडला की हवा आत येत नाही. “गाडी पेट्रोलवर चालते हा लोकांचा गैरसमज आहे,” मामा म्हणतात. “एक किलो पेट्रोल जाळायला जवळजवळ पावणेपंधरा किलो हवा लागते. ती हवेवर चालते. पेट्रोल आपलं तोंडी लावायला.”

इथेनॉलवाल्या बँकरांनाही त्यांनी एकदा जिन्यातच गाठलं होतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा. वीस टक्के मिसळलं तर एकूण सहा-सात टक्क्यांचा फटका. “तेवढ्यानं मायलेज पडेल. घाटात प्राण नाही जात.” बँकर म्हणाले, ते काही असो, सगळं इथेनॉलमुळेच होतंय. मामांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटतं बँकरांचाच नंबर आणि तारीख.

तपास सुरू झाला तो पायपुसण्यापासून. मी ड्रायव्हरच्या जागी बसून पाय पूर्ण दाबायचा आणि मामांनी बॉनेटखाली थ्रॉटल पूर्ण उघडतो का ते बघायचं. हसू नका. पॅडलखाली जाडजूड मॅट सरकून अर्धाच पाय दाबला जातो आणि लोक इंजिन उघडून बसतात, अशी एक चिठ्ठी त्या डब्यात आहे. बरोबर मॅटचा तुकडाही आहे. आमची मॅट निर्दोष सुटली. मग गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं हातानं फिरवून पाहिली, कुठला ब्रेक धरून बसलाय का. चाकं सुटली. मग एका संध्याकाळी पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल ठेवून चढावर नेली, कारण टाकीत हवा जायची वाट बुजली तर आत पोकळी होते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. काही फरक नाही. मग व्हॅक्यूम गेज लावून इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरून ठेवलं. सायलेन्सर चोकअप असता तर काटा हळूहळू खाली बसला असता. तो ढिम्म हलला नाही.

प्रत्येक आरोपी सुटला की मी खचत होतो आणि मामा खुलत होते. सोप्या जागी सापडला असता तर त्यांच्या चहाची चव गेली असती.

मध्येच चौथ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा आला. त्याच्याकडे काड्यापेटीएवढं ब्लूटूथ यंत्र होतं. ते स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खुपसलं आणि मोबाइलवर अक्षरं उमटली: पी ०१७१. मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. मुलानं तिथल्या तिथे शोधून सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर बदला, मी आत्ता ऑर्डर करतो, उद्या येईल.

“तो सेन्सर काय म्हणतोय?” मामांनी शांतपणे विचारलं.

“पेट्रोल कमी पडतंय म्हणतोय.”

“मग खरं बोलतोय की तो. साक्षीदारालाच का आत टाकतोस बाळा?”

मुलगा हिरमुसला, पण त्या दिवसापासून तो मामांचा चेला झाला. त्याला वही धरायला मिळाली. अर्थात एक रविवारच. नंतर घाटाच्या चाचणीला माझ्या बायकोचं अक्षर चांगलं म्हणून वही तिच्याकडे गेली.

ती चाचणी म्हणजे सोहळाच होता. पेट्रोलच्या लाइनमध्ये टी जोडून प्रेशर गेज लावलं, त्याची लांब नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज समोरच्या काचेवर वायपरखाली अडकवलं. बाहेरून गाडी दवाखान्यातून पळून आल्यासारखी दिसत होती. जुन्या कात्रज घाटानं निघालो. सगळी वाहतूक नव्या बोगद्यानं जाते, त्यामुळे इथे आपल्याला निवांत तपास करता येईल, असा मामांचा होरा. काचेपुढे काटा तीन बारवर स्थिर. कात्रज सुटलं, तीन. पहिलं वळण, तीन.

“काही होत नाहीये,” मामा चिंतेनं म्हणाले. “बरी तर झाली नसेल?”

“वहिनी, लिहा,” दुसऱ्या वळणावर ते ओरडले. “पावणेतीन. अडीच. दाबा, साहेब, पाय दाबा! सव्वादोन. आली! आली!”

गाडीचा जीव जात होता. मागे एसटी येऊन ठेपली आणि तिनं हॉर्न धरला. मी सवयीनं पाय उचलणार तोच मामांनी माझा गुडघा हातानं खाली दाबला.

“पाय काढायचा नाही! आत्ता तर दिसायला लागलंय!”

“मामा, मागे एसटी आहे!”

“आपलीच आहे, थांबेल,” म्हणत मामांनी काच खाली करून ड्रायव्हरला हात दाखवला. त्या ड्रायव्हरनं मामांना ओळखलं-बिळखलं काही नाही. त्यानं जे हातवारे केले ते त्या खात्यातल्या माणसालाच शोभण्यासारखे होते. मामांना त्याचंही वाईट वाटलं नाही. काट्याकडे बघताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मागच्या सीटवर बायकोनं तेवढ्यात त्याचा फोटो काढला. आकडा लिहायचा राहिला तो राहिलाच.

खाली आल्यावर चेल्यानं मोबाइलवर टाकीतल्या पंपाची किंमत काढून ठेवलीच होती. काही हजार. मीही मनाची तयारी केली. मामा मात्र पंपाला दोषी धरायला तयार होईनात.

“पंप कमी ढकलतोय, कबूल. पण त्याला खायला मिळतंय का, ते कोणी बघितलं?”

मागची सीट उचलून त्यांनी पंपाच्या कनेक्टरवर मीटर लावला. बॅटरीवर इंजिन चालू असताना चौदा व्होल्ट दिसत होते. पंपाच्या तोंडाशी साडेनऊ.

मामा मांडी घालून तिथेच बसले. “चौदा निघाले, साडेनऊ पोचले. मधे साडेचार खातंय कोण?”

असा प्रश्न महाराष्ट्रात सहसा उत्तरापर्यंत जात नाही. मामांचा गेला. येणाऱ्या वायरवर जेमतेम पाव व्होल्ट गळत होता; बाकीचा सगळा परतीच्या वाटेवर, अर्थिंगला. ती काळी वायर कार्पेटखालून जाऊन बॉडीला एका दहा नंबरच्या बोल्टनं घट्ट केलेली असते. कार्पेट उचललं. खाली ओल होती आणि बोल्टभोवती तांबडा-हिरवट फुलोरा. वॉशर बोटानं चुरला गेला. सपाटीवर गाडीला पेट्रोल थोडंच लागतं, तेवढं अर्धपोटी पंपही देत होता. घाटात मागणी वाढली की त्याचं पितळ उघडं पडायचं.

झालं, असं मला वाटलं. पण मामांना आता कारणाचं कारण हवं होतं.

“इथे ओल कशी? दाराचं रबर चांगलं आहे. वरून गळत नाही.” त्यांनी कार्पेट हुंगलं. “ओली छत्री मागे पायापाशी कोण ठेवतं?”

मी मामांना डोळ्यांनी खुणावलं की तपास इथेच थांबवावा. बायकोनं वही मिटली आणि पेनाचं टोपण लावलं. हे कारण वहीत लिहिलं गेलं नाही, पण मामांना ते कळलं होतं आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं.

बोल्ट काढला, जागा पॉलिश पेपरनं चकचकीत केली, नवा बोल्ट कसला, वरून थोडं ग्रीस. पुन्हा कात्रज. काटा जुन्या बोगद्यापर्यंत तीनवरून हलला नाही, आणि गाडी इतकी तरतरीत चढली की वळणांवर मलाच पाय उचलावा लागला. मामा खिडकीतून बाहेर बघत होते. येताना ते कोणाशी बोलले नाहीत. खिशातला गंजका बोल्ट तेवढा मधूनमधून चाचपत होते.

खाली घोळका वाटच बघत होता. बोल्टचं कळल्यावर कोणाचंच समाधान झालं नाही. एवढ्याशा पैशांत बरी झालेली गाडी पुण्यात संशयास्पद असते. “नवा पंप टाकूनच घ्या,” बँकर म्हणाले. काका प्लगवरून हलायला तयार नव्हते. “आधी प्लग बदलले होते ना? त्याचाच गुण. उशिरा लागला.”

मी मामांना पोचवायला वर गेलो तर दारातूनच घर्रकन आवाज आला. मिक्सर चालू होता. आम्ही घाटात असताना खालून ‘कुकर, मिक्सर, गॅस रिपेअर’ ओरडत सायकलवाला गेला, त्याला मामींनी वर बोलावलं, आणि त्यानं कुठलाही प्रश्न न विचारता दोन नवे कार्बन टाकून दिले.

मामा चपला न काढताच आत गेले. “त्यानं बघितलं का, एकच का झिजला?”

“नाही. पन्नास रुपये बघितले.”

“जुने कार्बन कुठायत?”

“सुक्या कचऱ्यात.”

मामा बादलीकडे धावले. बादली रिकामी होती. “घंटागाडी आत्ताच गेली,” मामी भांड्याचं झाकण दाबून धरत म्हणाल्या, “खालच्या चौकात असेल अजून.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. घाट उतरल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत तेज होतं.

“साहेब, किल्ली आहे ना खिशात?”

“मामा, पण—”

“चला. आता पिकअप आहे तिला.”